प्लाझ्मा दिलेल्या बियांचं पीक ताटात घेण्याआधी

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या बागकामाच्या ग्रुपवर मेथीच्या एका पाकिटाचा फोटो फिरत होता. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा प्रदर्शनातून कुणीतरी आणलेलं पाकीट, आणि त्यावर चिठ्ठी: ‘कोल्ड प्लाझ्मा ट्रीटेड’. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच विचारलं, ‘कोरोनात रक्तातून काढायचे तोच प्लाझ्मा का गं?’ दुसऱ्या एकाला वाटलं, वाशीला परदेशी जाणाऱ्या आंब्यांना जे रेडिएशन देतात ते हेच. तिसऱ्याने सरळ ‘जीएम’, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेलं बी, म्हणून निकाल लावून टाकला.

या तिन्ही शंकांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ‘मग ही भाजी खायला सुरक्षित का?’ हा मात्र चौथा प्रश्न आहे आणि तो एका शब्दात सुटत नाही. तुम्ही त्या बियांचं काय करणार यावर त्याचं उत्तर बदलतं. गच्चीत मेथी लावणारे, ऐरोली-खारघरला ट्रेमध्ये मायक्रोग्रीन (कोवळ्या पानांवरच कापायची रोपं) करून विकणारे आणि मुरबाड-शहापूरला भात-भेंडी करणारे, या तिघांसाठी हा लेख आहे.

आधी थोडक्यात, हे असतं तरी काय

वायूला पुरेशी वीज दिली की त्यातल्या काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला पदार्थविज्ञानात प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज म्हणजे प्लाझ्मा, जुन्या ट्यूबलाइटच्या नळीत चमकतो तोही प्लाझ्मा. रक्ताशी फक्त नावाचं साम्य. बियांसाठी वापरतात तो ‘थंड’ प्लाझ्मा. दोन पट्ट्यांच्या मध्ये काचेचा किंवा सिरॅमिकचा थर ठेवून हजारो व्होल्ट सोडतात. त्यात इलेक्ट्रॉन तापतात, पण हवा फार तर कोमट होते. बी त्यात काही सेकंद ते काही मिनिटं राहतं. तेवढ्यात हवेतून ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि असेच काही चटकन कुणाशीही संयोग पावणारे रेणू तयार होतात, जोडीला थोडी अतिनील किरणं.

बियाच्या टरफलाचा अगदी वरचा, डोळ्याला न दिसणारा पापुद्रा यात खरवडला जातो. त्यामुळे पाणी टरफलावरून ओघळून जात नाही, पसरतं आणि लवकर मुरतं. वरचे बरेचसे जंतू आणि बुरशीचे बीजाणू मरतात. मात्रा जमली तर उगवण लवकर आणि एकसारखी होते, आणि जास्त झाली तर बी भाजून निकामी होतं.

आता रेडिएशनचं. वाशीच्या केंद्रात कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण वापरतात. त्यांची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर असते. थंड प्लाझ्मातला इलेक्ट्रॉन जेमतेम काही इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे लाखापटीने दुबळा. गॅमाने आंबा किरणोत्सारी होत नाही, तिथे याने मेथी होण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे प्लाझ्मावर काम करणारी मोठी संस्था गांधीनगरला आहे आणि ती अणुऊर्जा विभागाखाली येते, एवढ्यावरून लोक घाबरतात. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) नावाने ओळखली जाणारी भुईमुगाची टीएजी-२४ ही जात मात्र किरणांनी मुद्दाम आनुवंशिक बदल घडवून, त्यातून संकर आणि निवड करून काढलेली आहे. प्लाझ्माचा हेतू तो नाही, आणि बाहेरचं जनुक घालण्याचा तर संबंधच नाही.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्लाझ्मा हा बियाला बसलेला एक ताण आहे. ऊन किंवा पाण्याचा ताण पडल्यावर झाड आतली काही जनुकं चालू-बंद करतं, तसं इथेही होतं, आणि मात्रा फार झाली तर डीएनएला इजाही होते. म्हणूनच जर्मनीतल्या अन्नसुरक्षेच्या तज्ज्ञ आयोगाने २०१२ मध्ये अन्नावरच्या प्लाझ्माप्रक्रियेबद्दल सरसकट होकार-नकार न देता प्रत्येक पदार्थ आणि प्रत्येक यंत्र स्वतंत्र तपासा, असं म्हटलं. ‘प्लाझ्मा सुरक्षित आहे’ हे वाक्य त्यामुळे ‘औषध सुरक्षित आहे’ इतकंच मोघम ठरतं. कुठलं औषध, किती, कुणाला, हे विचारावंच लागतं.

पायरी पहिली: बी आणि ताट यांतलं अंतर मोजा

माझ्या मते सगळा निर्णय इथेच अर्धा होतो, म्हणून यावर जरा रेंगाळू.

टोमॅटोचं एक बी साधारण ३ मिलिग्रॅमचं असतं. एका झाडावरून २ किलो टोमॅटो निघाले असं धरा. म्हणजे बियाच्या वजनाच्या सहा लाख पटींहून जास्त. बियावर ओझोनचा किंवा नायट्रेटचा काही अंश राहिला असेल, तर तो आधी मातीत, पाण्यात आणि मग एवढ्या वाढीत वाटला गेला. शिवाय टरफल कधीच गळून कुजलं. ओझोन तर इतका अस्थिर की तो पाकिटात टिकतच नाही, मोडून ऑक्सिजन होतो. भाताचंही तसंच. चारेक महिन्यांनी येणारा दाणा नवा असतो, वर त्याचं तूस निघतं. टोमॅटो, भेंडी, वांगी, भात, काकडी यांच्या बाबतीत बियाला दिलेल्या प्लाझ्माची धास्ती घेण्याचं कारण मला दिसत नाही.

मोड आलेल्या मुगाचं गणित उलटं आहे. एक-दोन दिवसांत मोड येतात आणि वजन दुप्पट-अडीचपट होतं, तेही पाण्यानेच. तुम्ही बीच खाता, टरफलासकट. इथे बियावर जे आहे ते सगळं ताटात येतं.

मधल्या जागी मायक्रोग्रीन. आठ-बारा दिवसांत कापणी, पण पानांच्या टोकाला टरफलं चिकटून राहतात. त्यांच्या पुढे पालेभाज्या, महिना-सव्वा महिन्याच्या.

तेव्हा पाकीट हातात आलं की स्वतःला पहिलं विचारा: यातून मी फळ खाणार, पान खाणार, की बीच? बी खाणार असाल तर खालच्या सगळ्या पायऱ्या कसोशीने करा. फळ खाणार असाल तर दुसरी पायरी आणि पाण्यामातीची पायरी पुरे.

पायरी दुसरी: प्लाझ्मा सोडून पाकिटावर आणखी काय आहे ते वाचा

गोम बहुतेक वेळा इथेच असते. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं, उदाहरणार्थ थायरम, कॅप्टन किंवा इमिडाक्लोप्रिड. असं बी ओळखू यावं म्हणून त्याला गुलाबी, लाल, हिरवा किंवा निळा रंग देतात आणि पाकिटावर ‘खाण्यासाठी, चाऱ्यासाठी किंवा तेल काढण्यासाठी वापरू नये’ अशी सूचना असते. प्लाझ्मा दिलेल्या बियालाही वरून हे औषध लावलेलं असू शकतं. ‘प्लाझ्मा म्हणजे बिनरसायनाचं’ असं गृहीत धरून कुणी ते मोडाला घातलं, तर जे बिघडेल त्याचा दोष प्लाझ्माचा नसेल.

रंगीत बियांचे मोड काढू नका, मायक्रोग्रीनही करू नका. धुऊन रंग गेला तरी नाही. उरलेलं बी कबुतरांना टाकू नका.

लेबलच्या रंगांचीही ओळख ठेवा. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूतला पांढरा, पैदासकारला पिवळा. हिरवं लेबल म्हणजे विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली माहिती. यातला कुठलाही रंग उगवण आणि शुद्धतेबद्दल बोलतो, खाण्याच्या सुरक्षिततेबद्दल नाही. लॉट नंबर, उगवण टक्का, चाचणीची तारीख आणि मुदत, या चारांपैकी काही नसेल तर पाकीट परत करा, मग ते कितीही चकचकीत असो.

पायरी तिसरी: विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न

वायू कोणता होता? साधी हवा, ऑक्सिजन, आर्गॉन की आणखी काही? हवा असेल तर नायट्रेटचा थोडा अंश राहतो, आर्गॉनमध्ये तो प्रश्न जवळपास नसतो. किती सेकंद दिला? कोणत्या तारखेला दिला? हे विचारायचं कारण असं की टरफलाचा पाणी शोषायचा गुण साठवणीत कमी होत जातो. एका थरात पसरून दिला की ढिगाने? हा प्रश्न सगळ्यात कामाचा. प्लाझ्माला बी समोर दिसावं लागतं. ढिगातल्या बिया एकमेकींच्या सावलीत राहतात, आणि मेथीच्या दाण्याची खाच किंवा धण्याच्या कडा या तर स्वतःच्याच सावलीत.

आणि शेवटी: याच लॉटमधलं, प्लाझ्मा न दिलेलं थोडं बी मिळेल का?

ज्याने खरंच काम केलंय तो हे बी आनंदाने देतो. ‘साहेब, टेक्नॉलॉजी आहे, तुम्ही बिनधास्त वापरा’ एवढंच ऐकू आलं तर मी तिथून उठते.

काही जण बियाऐवजी ‘प्लाझ्मा-पाणी’ विकतात. त्या पाण्यात नायट्रेट, नायट्राइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, आणि ते आंबट असतं. बी भिजवायला एकदा वापरणं वेगळं, कापणीच्या आदल्या दिवशी पालेभाजीवर फवारणं वेगळं. फवारणारे असाल तर नायट्रेटचा आकडा लेखी मागा.

पायरी चौथी: उगवण घरी तपासा, पण गणित करून

अन्नसुरक्षेच्या लेखात उगवण कशाला? कारण प्लाझ्माची मात्रा जास्त झाली असेल तर ते सगळ्यात आधी रोपात दिसतं. आणि निम्मं बी उगवलं नाही तर ते ट्रेमध्ये कुजतं आणि शेजारच्या चांगल्या रोपांना बुरशी लावतं.

दोन ओले टिश्यू पेपर घ्या, प्रत्येकावर ५० बिया मोजून ठेवा. एकावर प्लाझ्माच्या, दुसऱ्यावर त्याच लॉटच्या साध्या. गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, सावलीत. मूग सात दिवस, मेथी चौदा दिवस पाहा. फक्त ‘मोड आला’ एवढं मोजू नका. मूळ सरळ आहे की टोकाशी तपकिरी, बोथट, पिळवटलेलं, हे वेगळं लिहा. प्लाझ्माच्या बाजूला अशी रोपं ठळकपणे जास्त असतील तर ते बी खाण्याच्या कामात घेऊ नका.

आता गणित. समजा ५० पैकी साध्या ४२ उगवल्या आणि प्लाझ्माच्या ४६. चार दाण्यांचा फरक पाहून टाळ्या वाजवू नका. ५० बियांच्या चाचणीत सहा-सात दाण्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तीच चाचणी दोन्हीकडच्या २००-२०० बियांवर करून १६८ आणि १८४ आले तर त्याला अर्थ आहे. बीजपरीक्षण प्रयोगशाळा ४०० बिया घेतात ते उगाच नाही.

आपल्याकडच्या दमट हवेसाठी एक सूचना. या बिया ओल लवकर ओढतात, त्यामुळे जुलैत उघडं पाकीट ओट्यावर राहिलं तर गेलंच. हवाबंद बरणीत ठेवा.

पायरी पाचवी: मोड आणि मायक्रोग्रीन, इथे खरी काळजी

२०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे ५० माणसं गेली, चार हजारांच्या आसपास आजारी पडली. आधी बिचाऱ्या काकडीवर आळ आला. शेवटी धागा पोचला तो मोड आलेल्या धान्यापर्यंत, आणि संशय ठरला इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांवर. आपल्या मसाल्याच्या डब्यातली तीच मेथी. प्लाझ्माचा तिथे काही संबंध नव्हता, पण कच्चे मोड किती नाजूक प्रकरण आहे हे त्यातून कळतं. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंना हवी असते.

प्लाझ्माने जंतू कमी होतात, हे खरं. पण समजा हजारातले ९९९ मेले आणि एक खाचेत राहिला. ठाण्याच्या मे महिन्यात, अनुकूल परिस्थितीत, तो अर्ध्या तासाला दुप्पट होतो असं धरा, की दहा तासांत दहा लाखांवर गेला. तेव्हा ‘प्लाझ्मा दिलेले आहेत, धुवायची गरज नाही’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मी करते ते असं. आधी ताटात पसरून फुटके, तडे गेलेले दाणे निवडून काढते, कारण जंतू तड्यात बसतात. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवते. बरणी गरम पाण्याने धुतलेली, तोंडावर स्वच्छ मलमल. मळकट फडक्यात बांधून ओट्याखाली टांगायची पद्धत मी सोडली, आईला ते अजून पटलेलं नाही. दिवसातून दोन-तीनदा पिण्याच्या पाण्याने खळखळून धुऊन पाणी पूर्ण निथळते. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली, आणि दोन दिवसांत संपवते. चिकट झाले किंवा आंबूस वास आला तर फेकते.

सगळ्यात मोठं संरक्षण आपल्या स्वयंपाकातच आहे: मटकीची उसळ शिजते. मिसळीचा रस्सा उकळतो. भीती आहे ती मुगाच्या कच्च्या कोशिंबिरीची, भेळेवर भुरभुरवलेल्या कच्च्या मोडांची आणि ‘डिटॉक्स बोल’ची. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कुणी असेल तर मोड वाफवूनच द्या, प्लाझ्माचे असोत वा साधे. वाफ आतपर्यंत पोचली पाहिजे, वरवर परतून भागत नाही.

मायक्रोग्रीनला दोन गोष्टी जास्तीच्या. एक, मुळासकट उपटू नका, रोपं ज्यात वाढतात त्या माध्यमाच्या बोटभर वरून धुतलेल्या कात्रीने कापा आणि चिकटलेली टरफलं झटकून, धुऊन काढा. दुसरी, पांढरं दिसलं की घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. मुळाला लागून असलेली मऊ लव पाण्याचा फवारा मारला की बसते, ती मूळरोमं. कोळिष्टकासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर गेलेली, वास येणारी, ती बुरशी. बुरशीचा ट्रे पूर्ण बाद करा, अर्धा कापून विकू नका. प्लाझ्माचा परिणाम पेरणीपुरता असतो. थायरमसारखा तो बियाभोवती राहून राखण करत नाही, त्यामुळे घाणेरड्या ट्रेमधली बुरशी प्लाझ्माच्या बियालाही तितक्याच आनंदाने धरते.

भातकऱ्यांनाही हाच मुद्दा लागू. थायरम किलोला अडीच-तीन ग्रॅम चोळायचं वाचलं तर उत्तमच, पण रोपवाटिकेतली जमीन तीच आहे. आपल्याकडे जुनी माणसं राब भाजतात ते मातीतली तणं आणि रोगाची बीजं मारायला. प्लाझ्मा फक्त बी साफ करतो, राबासारखी माती नाही. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून पोकळ दाणे तरंगवून काढायची रीत प्लाझ्माच्या आधी करा, नंतर नको. ओलं बी पुन्हा सुकवण्यात केलेलं काम वाया जातं.

पायरी सहावी: पाणी आणि माती

एकदा एका बाईंनी मला विचारलं की प्लाझ्माच्या पालकाने मुलाला काही होईल का, आणि त्यांच्या पिशवीत रुळालगतच्या मळ्यातला पालक होता. नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीत काय असू शकतं हे सांगायला प्लाझ्मा लागत नाही. शिसं आणि कॅडमियम पानात साठतात आणि ते धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. गच्चीत भंगारातला रंगवलेला पिंप, बॅटरीचा डबा, उद्योगपट्ट्यातली भरावाची माती वापरू नका. नळाचं पाणी द्या. युरियाचा हात आखडता घ्या, विशेषतः पालकाला. ताज्या पालकात नायट्रेटची युरोपातली मर्यादा किलोला ३५०० मिलिग्रॅम आहे, आणि सावलीतल्या बाल्कनीत खत जास्त झालेला पालक तिच्याकडे सरकतो. बियाला चिकटलेला नायट्रेटचा अंश त्यापुढे कुठेच लागत नाही.

पायरी सातवी: विकणार असाल तर प्रयोगशाळा

घरापुरतं करणाऱ्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. विकणाऱ्यांनी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठावी, आणि मान्यता नेमक्या आपल्या चाचणीसाठी आहे का, ते आधी विचारावं. ‘सगळं तपासा’ म्हटलं तर बिल वाढतं आणि हाती काही लागत नाही. मोड-मायक्रोग्रीनसाठी तपासून मागायचे ते ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जंतू (साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये अजिबात सापडता कामा नये). पालेभाजीसाठी शिसं, कॅडमियम, नायट्रेट.

नमुना नेहमी जोडीने द्या: एकाच दिवशी, एकाच पाण्यावर वाढवलेला प्लाझ्माचा आणि साधा. एकट्या प्लाझ्माच्या नमुन्यात शिसं सापडलं तर ते बियातून आलं की मातीतून हे कसं कळणार? ट्रेच्या पाच ठिकाणांहून थोडं थोडं घ्या, न वापरलेल्या पिशवीत भरा, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा. संध्याकाळच्या लोकलमध्ये मांडीवर तासभर धरून नेलेल्या नमुन्याच्या जंतुचाचणीला काही अर्थ राहत नाही.

खाद्यपदार्थांचा धंदा करायला एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना लागतो, तो घ्या. पाकिटावर ‘प्लाझ्मामुळे जंतुमुक्त’, ‘जास्त पौष्टिक’ असं लिहू नका. हे तुमच्या लॉटसाठी सिद्ध करून दाखवता आलं नाही तर तो दिशाभूल करणारा दावा ठरतो. ‘बियाण्यावर पेरणीपूर्वी प्लाझ्माप्रक्रिया केलेली आहे, धुऊन वापरा’ एवढं पुरे.

राहता राहिला ग्रुपवरचा एक उत्साही इंजिनीअर, ज्याला जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून घरीच प्लाझ्मा काढायचाय. हजारो व्होल्टचा झटका दुसरी संधी देत नाही, आणि बंद खोलीत जमणारा ओझोन फुप्फुसाला झोंबतो. फोटोकॉपीच्या बंद दुकानात येतो तसा तिखट वास नाकाला जाणवला की समजायचं. त्याला मी सांगितलं, बी विकत आण, मूग शिजवून खा. तो सध्या माझ्याकडून नेलेल्या ५०-५० बियांची टिश्यू पेपरवरची वही लिहितोय. आज त्याचा चौथा दिवस आहे आणि साधी मेथी दोन दाण्यांनी पुढे आहे.